डाव

टे नदीला भरती येत होती तेव्हा
डंडीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर
आम्ही एका गोळीची किंमत ठरवत होतो.
गोळीची नव्हे खरं तर,
गोळीने वाढणाऱ्या श्वासांची.
अकरा महिने, मधल्या अंदाजाने.
चांगल्या दिवसांच्या हिशेबात सहा.

गणित माझं होतं.
चालता येतं का, अंघोळ करता येते का,
घरचं काम, दुखणं, मनाची घालमेल:
पाच प्रश्नांत माणूस बसवायचा
आणि शून्य ते एकच्या मधे कुठेतरी ठेवून द्यायचा.
पुढच्या वर्षीचं सुख
यंदाच्यापेक्षा साडेतीन टक्क्यांनी स्वस्त धरायचं, ही रीत.
(मी लग्न पुढे ढकललं तेव्हा
रोनाने हाच आकडा मला ऐकवला होता.)

कंपनीने सवलत दिली होती, पण गुप्त.
अहवालात तिच्या जागी काळे पट्टे,
काजळाचं बोट ओढावं तसे.

मागच्या खुर्चीवर डोनल्डा मॅकास्किल बसली होती.
नवऱ्याचा फोटो आणला होता तिने, दाखवला नाही.
पिशवीतल्या पिशवीत उलटसुलट करत राहिली.
फोटोतल्या माणसाला नाव असतं, तिथेच अडतं.
माझ्या तक्त्यात पलीकडे जे उभे होते
त्यांना नावं नव्हती.
"इतर रुग्ण". रकाना एफ, ओळ एकशे बारा.

तेव्हा एफी रँकिन बोलली.
समितीवरची ती साध्या माणसांची प्रतिनिधी,
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव धरलेला हात.
म्हणाली, "सूपाचं पातेलं एकच असायचं.
पुढचं पोर डोळ्यांत डोळे घालून बघतं,
त्याला दीड डाव वाढावासा वाटतो.
वाढलाय मी. पहिल्या वर्षी.
मग रांगेच्या टोकाला एक पोर
रिकामी वाटी घेऊन उभं राहिलं.
रडलं नाही. त्याला वाटलं, इथे असंच असतं.
तेव्हापासून मी आधी टोक बघते.
तुमच्या या कागदावर टोक कुठे आहे?"

मी बोट ठेवलं. एफ, एकशे बारा.
तिने चष्मा वर सारला, वाकून पाहिलं.
"इथे तर कोणीच नाही," म्हणाली.

मतदान झालं. सात विरुद्ध पाच, नकार.
एफीचा हात नकारातच वर गेला,
हळू, भिजलेलं घोंगडं उचलावं तसा.
डोनल्डा उठली. पिशवीची चेन अडकली,
तिने ती तशीच उघडी ठेवली.
अध्यक्षांनी पत्र लिहायला सांगितलं:
दर उतरवा, परत या.
येतातही परत. बहुधा येतात.
पण पत्राला वेळ लागतो
आणि अकरा महिने हे अकराच असतात.

संध्याकाळी कागद आवरताना
हितसंबंध जाहीर करायचे अर्ज हाती आले.
शेअर, मानधन, कंपनीच्या खर्चाने प्रवास:
सगळ्यांनी लिहिलं होतं, काही नाही.
एफीनेही तेच लिहून मग खोडलं होतं,
आणि गिचमिड अक्षरात, पेन्सिलीने:
"एक खुबा, डावा. बावीस महिने रांगेत.
म्हणून मी मत देऊ नये असं वाटलं तर सांगावं."
अर्ज सकाळीच जमा झाला होता.
कोणी वाचला नव्हता. मीही.

खिडकीतून खाली पाहिलं.
बसथांब्याच्या कठड्याला टेकून ती उभी,
भार एका पायावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर.
शेजारी डोनल्डा.
दोघींत एकच छत्री; कोणाची, ते वरून कळेना.

मी संगणक पुन्हा चालू केला.
एफ, एकशे बारा.
ती चौकट फक्त आकडे घेते,
तरी मी नाव लिहून पाहिलं.
तक्ता लाल झाला,
आणि खालची सगळी बेरीज मोडली.